साडेतीन तासांचं मस्कत

९ नोव्हेंबर, रविवार

आरोहीनं आज परत फोनला विचारलं — "हैदराबाद ते मस्कत विमानाला किती वेळ लागतो?" फोनमधली बाई न कंटाळता बोलली. साधारण साडेतीन तास, अंतर बावीसशे किलोमीटरच्या आसपास. पोरगी माझ्याकडं वळली. "मम्मी, साडेतीनच तास! सकाळी निघाले तर पप्पा जेवायला घरी की गं. मग रविवारी का येत न्हाईत?"

काय सांगू? आपल्या नळदुर्गहून हैदराबादला बसनं सहा तास लागतात. उमरग्याला चहा, जहिराबादला परत चहा, मध्ये कुठंतरी टायर. आणि तिथून अख्खा समुद्र ओलांडायला साडेतीन! म्हणजे आपल्याला हैदराबादच लांब, मस्कत जवळ. मी म्हणाले, "विमानाला सुट्टी लागत नाही गं बाई, पप्पाला लागते." तिला पटलं नाही. मलाही नाही.

विरेशला जाऊन सात महिने झाले. (इथं पानावर नाव लिहिते. तोंडानं 'आरोहीचे पप्पा', आणि सासूबाईंसमोर, म्हणजे आमच्या अत्तीसमोर, तेही हळूच.) गुढीपाडवा झाला आणि गेला. मस्कतला कुठल्याशा मोठ्या गोदामात कामाला आहे. तिकडं व्हॉट्सअॅपचा कॉल लागत नाही म्हणे, कुणालाच. म्हणून नुसते व्हॉइस. तो बोलतो, मी ऐकते. मी बोलते, तो ऐकतो. नवराबायकोचं भांडणसुद्धा तुकड्यातुकड्यानं! मी चिडून बोलते, तो दोन तासांनी ऐकतो, तोवर माझा राग उतरलेला असतो. मग त्याचं उत्तर येतं आणि परत चढतो.

चहाला बसले तर आरोहीनं बिस्किट मोडून अर्धं बाजूला ठेवलं. बापलेकीची सवय. पहिलं बिस्किट दोघांत अर्धं-अर्धं. सात महिने ही पोरगी अर्धं बिस्किट बाजूला ठेवते आणि संध्याकाळी ते मुंग्यांना जातं. मी आधी रागवायची. आता बघत नाही तिकडं.

१३ नोव्हेंबर

आज व्हॉइस नाही. काल पण नव्हता.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आला एकदाचा! "माल आला व्हता, दोन दिवस मान वर करायला सवड न्हाय." मागं विमानाचा मोठा आवाज. त्याच्या प्रत्येक व्हॉइसमध्ये विमान असतंच. मागं विचारलं होतं तर म्हणाला होता, "गोदामाच्या डोक्यावरूनच जातेत की."

आरोहीनं परत तेच मागितलं — "पप्पा, समुद्राचा फोटो पाठवा. आमच्या बाई म्हणल्या मस्कतला समुद्र असतोय." त्याचं उत्तर आलं. अभ्यास कर, अव्वाला (म्हणजे अत्तीला) त्रास देऊ नको, दात घासतीस का? समुद्राचं विसरला. पोरगी फुरंगटली. मी म्हणाले, पप्पांना काम असतं.

विसराळू आधीपासूनच आहे मेला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

अत्तीनं आज गोठ्यावर तो फ्लेक्स टाकला! 'विरेश वीरप्पा पाटणे यांना परदेशगमनानिमित्त हार्दिक शुभेच्छा', खाली एवढं मोठं विमान, गल्लीतल्या सगळ्यांचे फोटो. सात-आठ महिन्यांत उन्हानं रंग उडाला. विमान निळ्याचं पांढरं झालं. आता म्हशीच्या अंगावर दव पडू नये म्हणून कामाला आलं. मी म्हणाले, "अत्ती, लोक काय म्हणतील?" तर म्हणाली, "म्हशीला बी शुभेच्छा असूंदेत." हसून हसून पोट दुखलं.

मग झोपताना तो दिवस आठवला. जीपमध्ये अकरा जण. हैदराबादपर्यंत गाणी, भडंग, थट्टा. एअरपोर्ट बघूनच सगळे गार झाले. तिकीट असणाऱ्यालाच आत सोडतात. काचेचं दार, आपोआप उघडणारं. दाराशी मोठा पांढरा खांब, तिथं आम्ही फोटो काढला. अत्तीनं सगळ्यांसमोर त्याच्या कपाळाला विभूती लावली. त्याला लाज वाटली, पण पुसली नाही. गळ्यात हार होता, तो काढून आरोहीच्या गळ्यात घातला आणि आत गेला. काचेतून थोडा वेळ दिसला. मग नाही दिसला. जीपवाला घाई करत होता म्हणून लगेच निघालो. विमान उडलेलं काही बघितलं नाही. परत येताना गाडीत कुणी गाणी म्हटली नाहीत.

जूनमध्ये माझ्या शिलाईच्या दुकानाचा बोर्ड नवा केला तेव्हा पेंटरनं परस्पर नाव रंगवलं — 'मस्कत लेडीज टेलर्स'. मी तोंडानं "अहो हे काय!" म्हणाले, पण मनातून आवडलं होतं. आता बायका मला 'मस्कतवाली' म्हणतात. "मस्कतवालीकडं टाकलाय ब्लाउज." मस्कतवाली! मी सोलापूरपेक्षा लांब एकदाच गेले, ते एअरपोर्टच्या दारापर्यंत.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

जगदेवीअक्का फॉल-पिको करून घ्यायला आल्या. त्यांचा भाचा मस्कतलाच आहे. नेमका तेव्हाच विरेशचा व्हॉइस आला, आणि कौतुकानं मी तो मोठ्यानं लावला. "सकाळी लई थंडी पडायलीय. कानटोपी घालून कामावर जातोय."

जगदेवीअक्का म्हणाल्या, "कानटोपी? अगं बया, आमचं पोरगं तर बनियनवर हिंडतंय म्हणतंय तिकडं. आत्ता कुठं उकाडा कमी झालाय म्हणं."

मी म्हणाले, "गोदामात एसी असतोय."

"व्हय बाई, असंल एसी," असं म्हणून त्या साडी घेऊन गेल्या. पण जाताना माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. की मलाच तसं वाटलं?

एसी असतो का गोदामाला? असेल. धान्याचं नाही, औषधांचं असेल. तो कशाचं गोदाम म्हणाला होता? आठवेना. खरं म्हणजे तो कधी बोललाच नाही.

३ डिसेंबर, बुधवार

येळवशीला, आमच्या वेळा अमावस्येच्या सणाला, येणार नाही!

"सुट्टी मंजूर झाली न्हाय. पुढच्या वर्षी नक्की." गेल्या महिन्यात "बघतो बघतो" म्हणत होता. आरोहीनं शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलंय, पप्पा विमानानं येळवशीला येणारेत म्हणून. मी रागानं मोठा व्हॉइस पाठवला. "साडेतीन तासांचा रस्ता आणि तुम्हाला आठ महिन्यांत एक दिवस मिळेना? लोक सहा तास उभ्यानं येतात बसमधून. तुमचा मालक माणूस आहे का कोण आहे? आणि तुम्हाला तरी यावंसं वाटतंय का?"

दोन निळ्या खुणा आल्या. ऐकलं.

४ डिसेंबर

आरोही आज फोनला काही विचारत नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

आज लिहितेच. कुणाला सांगणार?

मला संशय येतोय. तिकडं कुणी आहे का? बाई? नावसुद्धा घ्यायला नको वाटतं. पण कानटोपी डोक्यातून जात नाही. सुट्टी नाही, फोटो नाही, खोलीचा नाही, दोस्तांचा नाही. मागितला की जुनाच, खांबाजवळचा फोटो परत पाठवतो — "हाच बघ." असा कोण नवरा बायकोपासून खोलीची भिंतसुद्धा लपवतो?

आरशासमोर उभी राहिले. केस विंचरले. वजन वाढलंय, मशीनवर बसून बसून. मग माझाच राग आला मला. मी का आरशात बघायचं? बघायचं त्यानं!

पण पैसे वेळेवर येतात. बोलतो गोड. आरोहीचा आवाज ऐकला की गप्प होतो, व्हॉइसमध्ये नुसता श्वास येतो. बाई ठेवलेला माणूस असा श्वास घेतो का? मला नाही माहीत. मला कुठला अनुभव!

अत्तीला काही बोलले नाही. नवरा गेल्यावर एकुलत्या एका पोरावर जगलेली बाई. तिचं बीपी आधीच वर.

१६ डिसेंबर, मंगळवार

विरेशचा व्हॉइस. आवाज उतरलेला. "रागावू नको. येळवशीचं खायला तरी मिळूंदे. शांतलिंगकडं डबा दे. हैदराबादहून एकजण इकडं यायलाय, त्याच्यासंगट येईल."

शांतलिंग म्हणजे त्याचा पहिलीपासूनचा दोस्त. भाजीचा पिकअप घेऊन हैदराबादला जातो, आठवड्यातून दोनतीनदा. मी त्याला विचारलं तर म्हणाला, "देतो की वहिनी, त्यात काय?" आणि माझ्याकडं न बघता टायरला लाथ मारत बसला.

अत्ती डब्याचं ऐकून अशी उठली, गुडघे दुखतात म्हणणारी बाई! बाजरीचे उंडे, शेंगापोळी, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी. भज्जी टिकत नाही म्हणाले तर "घट्ट करते" म्हणाली. मग म्हणाली, "आणि आंबील."

"अत्ती, विमानात आंबील? पाणीसुद्धा नेऊ देत नाहीत."

"न देऊंदेत."

१८ डिसेंबर, गुरुवार

संध्याकाळी आंबील झाली. ज्वारीचं पीठ ताकात शिजवून, लसूण, जिरं, मीठ. मोठ्या मातीच्या बिंदग्यात भरून, तोंडाला फडकं बांधून चुलीपासून लांब ठेवली. दरवर्षी अत्ती तेच सांगते, जसं काय मी कालच लग्न होऊन आले — "उद्या दिवसभर गोड. परवा उजाडलं की चढती, मग म्हशीला." चढली की फेस येतो, नाकाला झणझणीत वास, प्यायली तर डोकं जड.

आरोही भज्जीच्या शेंगा सोलताना म्हणाली, "पप्पाला तिकडं कोण देईल?" अत्ती म्हणाली, "आपुन देऊ की."

१९ डिसेंबर, शुक्रवार. येळवस.

बोरी नदीकडंच्या आपल्या तुकड्यात गेलो. कडब्याची खोप, आत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पांडव, त्यांची पूजा. आरोहीनं पळसाच्या पानानं आंबील शिंपडत "ओलगे ओलगे" ओरडत अख्ख्या रानाला वेढा घातला. बापाची आठवण न काढता! मग मलाच रडू आलं, उगाच. अत्ती बघत होती. म्हणाली, "जेव आधी."

दुपारी शांतलिंग शेतावरच आला. पोटभर जेवला. मी स्टीलचा मोठा डबा दिला, ज्यावर अत्तीचं आणि मामंजींचं नाव कोरलंय तो. अत्तीनं पदराआडून आंबिलीची बाटली काढली.

शांतलिंग हसला. "काकू, ही एअरपोर्टवर फेकून देतेत."

"फेकूंदेत. तू ने."

"अवो काकू, तिथवर जाईस्तोवर—"

"ने म्हणलं न्हवं?"

घेतली बिचाऱ्यानं. सीटखाली नाही ठेवली, शेजारी ठेवली, नीट, फडक्यात गुंडाळून. मी बघितलं आणि मला बरं वाटलं. म्हटलं, कुणीतरी फेकेल, पण निदान हैदराबादपर्यंत तरी जाईल आंबील.

२० डिसेंबर, शनिवार

सकाळी दूध तापवत होते तेव्हा व्हॉइस. आवाज कसा खुललेला! "डबा आत्ताच हातात पडला! अव्वाला सांग, सगळ्याच्या आधी आंबील पिलो. काय सांगू तुला! आपल्या रानात बसून पिल्यासारखी. जरा बी चढली न्हवती, गोड व्हती. बाटली तोंडाला लावली ती खालीच ठेवली न्हाय."

मी ओरडतच आत गेले. "अत्ती! पोचली! फेकली नाही कुणी!" मोठ्यानं लावून ऐकवलं. अत्ती भाकरी थापत होती. हात थांबला. म्हणाली, "परत लाव." परत लावलं. "अजून एकदा." तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि उलटायची विसरली. मला वाटलं, आनंदानं.

मग अंगण झाडून झाल्यावर बिंदग्याजवळ गेले. आरोहीला अर्धा पेला द्यावा म्हणून फडकं सोडलं.

फेस. काठापर्यंत. वास असा की मागं सरले.

"चढली," चुलीपासून अत्ती म्हणाली. "म्हशीला घाल."

तिथंच बसले मी, बिंदगं मांडीशी धरून. एकच आंबील. एकाच वेळी शिजलेली, एकाच भांड्यातली. घरात, सावलीत, हात न लावता चढली. आणि ती बाटली पिकअपमधून हैदराबाद, तिथून समुद्रावरून मस्कत, आणि आज सकाळी गोड?

तो वेळेचं खोटं बोलला. चवीचं खरं बोलला. आंबील त्यानं काल रात्रीच प्यायलेली आहे. मग काल रात्री तो कुठं होता?

२१ डिसेंबर, रविवार

शांतलिंगच्या घरी गेले. निमित्त त्याच्या बायकोचा, सिद्धम्माचा ब्लाउज द्यायचं. शांतलिंग घरी नव्हता. सिद्धम्मा भोळी, तिनं चहा टाकला. मांडणीकडं बघते तर आमचा डबा! 'सौ. पार्वतम्मा वीरप्पा पाटणे', एवढ्या मोठ्या अक्षरात.

"तुमचाच की वो," ती म्हणाली. "कालच आणला ह्यांनी. देतो-देतो म्हणतेत आणि हितंच ठिवतेत. रिकामा न्हाय बरं का, आत काय तरी हाय."

मस्कतला गेलेला डबा एका दिवसात घासूनपुसून परत! मी मनात म्हणाले, थांब, शिवप्रिया. शांतलिंगनं दुसऱ्या पिशवीत ओतून दिलं असेल. डबा परत आणला असेल. होतं असं.

घरी येऊन उघडला. आत उस्मानिया बिस्किटं, हैदराबादची, बेकरीच्या कागदात. आमच्या घरात कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. ते शांतलिंगलाही माहीत असेल, कुणालाही असेल.

पण सगळ्यात वर अर्धं बिस्किट होतं. मोडलेलं. एकच.

आरोहीनं ते उचललं आणि खाल्लं. विचारलंसुद्धा नाही कुणी पाठवलं म्हणून.

२२ डिसेंबर, सोमवार

ब्लाउजची बाही उलटी शिवली. उसवली. परत उलटी शिवली.

हैदराबादला आहे. हैदराबादला! सहा तासांवर! उमरग्याला चहा, जहिराबादला चहा, आणि नवरा! आणि मी रोज समुद्र मोजत बसले. अत्ती विमानाला 'इमान' म्हणते. दुपारी गोठ्यावरचा फ्लेक्स बघून म्हणाली, "इमान पार पांढरं पडलं," आणि मला तो शब्द कुठं लागायचा तिथं लागला.

राग एवढा की त्याला व्हॉइस पाठवायला बटण दाबलं आणि तोंडातून शब्दच निघेना. नुसता माझा श्वास. सोडून दिलं, गेला तसाच. त्यानं ऐकला.

मग राग गेला आणि भीती आली. तो का खोटं बोलेल? तुरुंगात आहे का? हातपाय गेलाय का? दुसरा संसार? दुसरा संसार असता तर ते अर्धं बिस्किट कशाला? मला सगळं चालेल, बाई सोडून. नाही, ती असली तरी एकदा समोर बघायचंय. आठ महिने मी आवाजाशी संसार केला. मला माणूस पाहिजे.

अत्तीला कसं सांगू? ती कोलमडेल.

नंतर —

सांगावं लागलंच नाही. दिवेलागणीला लिंगपूजा करून अत्ती बाहेर आली आणि म्हणाली, "हैदराबादची गाडी कितीला हाय?"

माझ्या हातातून सुई पडली.

"म्या आंबील का पाठिवली व्हती? फेकायला?" ती पायरीवर बसली. "मला श्रावणापासून कळलंय काय तरी बरुबर न्हाय म्हणून. आपलं पोरगं, बोरी धरणाचं पाणी बघून नाचायचं. त्यो समुद्राच्या गावाला गेला, आठ महिनं झालं, आणि समुद्र बघितला म्हणून एकदा बी बोलला न्हाय. पोरगी मागती तरी न्हाय. म्या म्हणलं, खोटं बोलंल, पण आंबील प्याल्यावर न्हाय खोटं बोलायचा."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. आठ महिने मी तिला जपत होते आणि ती मला जपत होती! दोघी एका चुलीशी.

२३ डिसेंबर, मंगळवार

अत्तीनं शांतलिंगला बोलावून घेतलं. चहा दिला. डबा त्याच्यासमोर ठेवला. म्हणाली, "बोल."

तो डब्याकडं बघत बसला. मग एवढा मोठा माणूस रडायला लागला. "काकू, मला लिंगाची शपथ घातलीय त्यानं."

"मग तू बोलू नको. म्या बोलते. तू नुसतं व्हय न्हाय म्हण. माझं लेकरू जित्तं हाय?"

"व्हय."

"धड हाय? हातापायानं?"

"व्हय, काकू."

मी मध्येच — "कुणी बाई आहे?"

"न्हाय वो वहिनी! आईशप्पथ न्हाय!"

मग अत्तीनं हळूच विचारलं, "त्यो इमानात बसला तरी का रं?"

शांतलिंगनं मान हलवली. न्हाय.

मग शपथ राहिली बाजूला, सगळं सांगितलं. एजंटानं दिलेला व्हिसा खोटा निघाला. आतल्या काउंटरवरच्या पोरीनं कागद परत हातात दिला. एजंटाचा फोन बंद, तो आजपर्यंत बंदच. विरेश बाहेर आला तोवर आमची जीप निघून गेली होती. शांतलिंगला त्यानं तिथून फोन केला. "मी म्हणलं, गड्या, घरी चल. तर म्हणला, कोणत्या तोंडानं येऊ? चौकात फ्लेक्स लागलाय. अव्वानं विभूती लावून पाठिवलंय. म्हणला, चार दिवसांनी सांगतो. चाराचं आठ झालं वहिनी, मग महिना झाला, मग तुम्ही दुकानाला मस्कत नाव दिलं…"

तो बोर्ड! तो मेला बोर्ड! मी कौतुकानं फोटो पाठवला होता त्याला. "झकास" म्हणाला होता.

"मग एवढे दिवस राहतात कुठं?" मी विचारलं. "करतात काय?"

"कामाला हाय. मेहनतीचं काम हाय, इज्जतीचं हाय. पण कुठं ते मी न्हाय सांगू शकत. तुम्हीच बघा. म्या नेतो."

२४ डिसेंबर, बुधवार

उद्या पहाटे शांतलिंगच्या पिकअपनं. तिघी पुढं मावतो म्हणे, आरोही मांडीवर. त्याला कळवायचं नाही असं अत्तीनं ठरवलं. "कळलं तर पळंल. लाजाळू हाय, बापासारखा."

काय बोलणार मी? दहा वाक्यं तयार केली. एकही धड नाही. एक वाक्य नुसतं थोबाडीत मारायचं आहे. एक नुसतं "चला" एवढंच. ऐनवेळी कुठलं तोंडातून निघतंय काय माहीत.

आरोहीनं विचारलं, "मम्मी, आपण मस्कतला चाललो का? विमानानं?"

म्हणाले, "पिकअपनं."

तिनं फोनला विचारलं, नळदुर्ग ते मस्कत पिकअपनं किती तास. ती बाई म्हणाली, रस्ता सापडला नाही.

२५ डिसेंबर, गुरुवार

एअरपोर्ट. नाताळची गर्दी. तेच काचेचं दार. शांतलिंगनं गाडी लांब लावली आणि बोट केलं. पांढऱ्या खांबाजवळ एक माणूस सामानाच्या ढकलगाड्या एकात एक घालून लांबच लांब ओळ ढकलत होता. कंपनीचं जाकीट, डोक्याला कानटोपी. वाळला होता. कपाळाला विभूती. वरून विमान गेलं तसं त्यानं मान वर केली, आणि खाली करताना आम्ही दिसलो.

माझी दहाही वाक्यं गेली. आरोही माझा हात सोडून पळत सुटली, मागं वळून आनंदानं ओरडत —

"मम्मी! पप्पा अजून गेलेच न्हाईत!"